रक्तदानानंतरचा अँटीबॉडी अहवाल कसा वाचावा

रक्तदान केल्यानंतर काही दिवसांनी रक्तपेढीकडून फोन किंवा पत्र येते, एखादी चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आल्याचे, म्हणजे ती जे शोधते त्याचा संकेत रक्तात मिळाल्याचे, त्यात कळवलेले असते आणि प्रत्यक्ष येऊन समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटावे अशी सूचना असते. असा निरोप मिळालेला माणूस बहुधा स्वतःला रोगी समजूनच रक्तपेढीची पायरी चढतो. त्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की ती चाचणी त्याच्यासाठी केलेली नव्हती. ती पिशवीसाठी केलेली होती. दान केलेले रक्त दुसऱ्या कोणाच्या शरीरात जाणार असल्यामुळे संसर्ग असलेली एकही पिशवी सुटू नये अशा बेताने या चाचण्या घडवलेल्या असतात, आणि त्या इतक्या संवेदनशील ठेवायच्या म्हटल्यावर काही निरोगी माणसांचे रक्तही त्यांत अडकणार हे गृहीत धरलेले असते. ‘ही पिशवी रुग्णाला द्यावी का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ असे आले, एवढेच त्या निरोपातून सिद्ध होते. ‘या माणसाला आजार आहे का?’ हा निराळा प्रश्न असून त्यासाठी निराळ्या चाचण्या कराव्या लागतात.

चाचणी नेमकी कशाची झाली?

अहवाल हाती आल्यावर निकालाच्या रकान्याकडे धाव घेण्यापूर्वी चाचणीचे नाव नीट वाचावे. नावाच्या सुरुवातीला ‘अँटी’ असेल, उदाहरणार्थ ‘अँटी-एचसीव्ही’ (एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू), तर चाचणीने अँटीबॉडी म्हणजे प्रतिपिंडे शोधलेली असतात. ‘एचबीएसएजी’सारख्या नावाच्या शेवटी ‘एजी’ असेल, तर शोध प्रतिजनाचा, म्हणजे प्रत्यक्ष विषाणूच्या एखाद्या भागाचा असतो. ‘नॅट’ किंवा ‘पीसीआर’ लिहिलेले असेल, तर विषाणूचा जनुकीय मजकूर शोधलेला असतो. हल्लीच्या एचआयव्ही चाचण्यांत पुष्कळदा प्रतिपिंडे आणि प्रतिजन एकाच वेळी तपासले जातात, आणि त्यांतले नेमके काय सापडले हे केवळ ‘रिॲक्टिव्ह’ या शेऱ्यावरून कळत नाही.

हा भेद महत्त्वाचा अशासाठी, की प्रतिपिंडे विषाणूने बनवलेली नसतात. ती आपल्या शरीराने बनवलेली प्रथिने असतात. परक्या घटकाशी गाठ पडल्यावर साधारणपणे आधी आयजीएम जातीची प्रतिपिंडे तयार होतात, मग आयजीजी जातीची, आणि ही दुसऱ्या जातीची प्रतिपिंडे अनेक आजारांत वर्षानुवर्षे, काहींत जन्मभर रक्तात राहतात. त्यामुळे प्रतिपिंड सापडणे हा गाठ पडल्याचा पुरावा आहे. तो घटक आजही शरीरात आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. गाठ आजारातून पडलेली असेल किंवा लसीतून. इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन घेतलेल्या माणसाच्या रक्तात तर दुसऱ्यांची तयार प्रतिपिंडेच फिरत असतात; आयजीजीचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे तीन आठवडे लागत असल्याने ती काही महिने चाचणीत दिसू शकतात.

‘रिॲक्टिव्ह’ शेजारचा आकडा

एलायझा किंवा केमिल्युमिनेसन्स पद्धतीच्या यंत्रात नमुन्यातून एक संकेत मोजला जातो आणि त्याला ठरलेल्या उंबरठा-मूल्याने भागले जाते. अहवालात ‘एस/सीओ’ या नावाने छापलेला आकडा हाच असतो. बहुतेक चाचण्यांत तो १ किंवा त्याहून अधिक आला की नमुना रिॲक्टिव्ह धरतात. हिपॅटायटिस बीच्या ‘अँटी-एचबीसी’ प्रतिपिंडांच्या काही चाचण्यांची रचना मात्र उलटी असते. त्यांत आकडा जितका लहान, तितकी प्रतिपिंडे जास्त. म्हणून शेजारी छापलेली संदर्भमर्यादा न पाहता आकड्यावरून अर्थ काढू नये. नेहमीच्या रचनेच्या चाचण्यांत १ च्या जरासा वर असलेला आकडा पुढे खोटा ठरण्याची शक्यता अधिक असते आणि फार मोठा आकडा खरा ठरण्याची, असे ढोबळमानाने म्हणता येते. पण एका कंपनीच्या चाचणी-संचावरचे (किटवरचे) ५ आणि दुसऱ्या कंपनीच्या संचावरचे ५ यांची तुलना होत नाही, आणि आकडा मोठा म्हणजे आजार गंभीर, हा समज तर पूर्णपणे चुकीचा आहे.

नमुना पहिल्यांदा रिॲक्टिव्ह आला की सामान्यतः त्याच नमुन्याची त्याच संचावर आणखी दोनदा तपासणी करतात, आणि त्यांतली एक जरी रिॲक्टिव्ह आली तरी ‘पुन्हा रिॲक्टिव्ह’ असा शेरा पडतो. हा शेरा वाचून पुष्कळांना आता शंकेला जागाच उरली नाही असे वाटते. वस्तुतः या फेरतपासणीतून यंत्राची किंवा हाताळणीची तात्पुरती चूक तेवढी वगळली जाते. रक्तातलेच एखादे भलते प्रतिपिंड त्या संचातल्या प्रतिजनाला चिकटत असेल, तर ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही तसेच चिकटेल. नुकतीच घेतलेली लस, नुकताच होऊन गेलेला एखादा विषाणूजन्य ताप, संधिवात किंवा ल्युपससारखे स्वप्रतिरक्षित आजार, पूर्वीची बाळंतपणे अशा कारणांनी असे घडू शकते, आणि अनेकदा कोणतेही कारण सापडत नाही.

खोटे निकाल रक्तदात्यांत विशेष करून का दिसतात, हे एका गणिताने स्पष्ट होईल. समजा, १,००,००० दात्यांपैकी दहा हजारांत एकाला, म्हणजे एकूण १० जणांना खरोखर संसर्ग आहे, आणि चाचणी निरोगी माणसाला ९९.८ टक्के वेळा बरोबर ओळखते. ती सर्व १० जणांना पकडेल, आणि उरलेल्या ९९,९९० निरोगी दात्यांपैकी सुमारे २०० जणांनाही रिॲक्टिव्ह ठरवील. म्हणजे निरोप गेलेल्या २१० माणसांपैकी खरा संसर्ग केवळ १० जणांना, सुमारे ५ टक्क्यांना असेल. हीच चाचणी अशा गटात केली की जिथे दहांत एकाला संसर्ग आहे, तर १,००,००० जणांत १०,००० खरे आणि १८० खोटे निकाल येतील. चाचणी तीच, आकडाही कदाचित तोच, पण अर्थ पार बदलला. रक्तदात्यांची निवडच मुळी आधी प्रश्नावली भरून घेऊन, धोका असलेल्यांना वगळून केलेली असते, त्यामुळे ते पहिल्या उदाहरणाच्या जवळचे असतात. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. आपल्या बाबतीत ते किती लागू पडतात हे संसर्गाचे त्या भागातले प्रमाण, वापरलेला संच आणि आपला स्वतःचा पूर्वेतिहास यांवर ठरते.

एचआयव्ही

रक्तपेढीच्या निकालावरून एचआयव्हीचे निदान कधीही होत नाही. नवीन नमुना देऊन, वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या चाचण्यांनी पडताळणी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून निदानासाठी लागोपाठ तीन वेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह येण्याची शिफारस केली आहे. पूर्वी वेस्टर्न ब्लॉट या, प्रतिपिंडे पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचा आधार घेतला जाई आणि काही ठिकाणी तो अजूनही घेतात. त्या चाचणीत काही पट्टे उमटून निकाल ‘अनिश्चित’ येण्याचा प्रकार घडतो आणि तो दात्याला फार छळतो. अशा वेळी पीसीआर तपासणी करून घेणे आणि डॉक्टर सांगतील तितक्या आठवड्यांनी पुन्हा रक्त देणे हाच मार्ग आहे. धोक्याचा प्रसंग घडलेला नसेल आणि पट्टे पुढेही तसेच राहिले, तर ते बहुधा निरर्थक असतात.

पडताळणीत संसर्ग निश्चित झाला, तर उपचार लगेच सुरू करता येतात. उपचारांनी रक्तातले विषाणू मोजता न येण्याइतके कमी झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही, हे आता सिद्ध झालेले आहे. रक्त देण्याला मात्र हा नियम लागू नाही. अशा व्यक्तीने रक्तदान करू नये.

हिपॅटायटिस सी

हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि पुढच्याच वर्षी दात्यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे तपासणे सुरू झाले. अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह येण्याचे तीन अर्थ संभवतात: निकाल खोटा आहे, संसर्ग येऊन गेला आहे, किंवा संसर्ग आजही आहे. संसर्ग आज आहे की नाही याचा निवाडा करणारी चाचणी म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर शोधणारी एचसीव्ही आरएनए. साधारण १५ ते ४५ टक्के माणसांच्या शरीरातून हा विषाणू उपचारांशिवाय सहा महिन्यांच्या आत नाहीसा होतो, पण प्रतिपिंडे मागे राहतात. आरएनए सापडला, तर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी बहुधा १२ आठवड्यांत, काही औषधांनी त्याहूनही लवकर, ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. बरे झाल्यावरही अँटी-एचसीव्ही चाचणी रिॲक्टिव्हच येत राहते, म्हणून उपचार फसले का हे पाहण्यासाठी ती पुन्हा करण्यात अर्थ नसतो. ही प्रतिपिंडे पुन्हा होणाऱ्या संसर्गापासून रक्षणही करत नाहीत.

हिपॅटायटिस बी

सर्वांत अधिक गोंधळ इथे होतो, कारण एका आजारासाठी तीन-चार चाचण्या असतात आणि त्यांतला एक निकाल एकटा वाचला तर तो हमखास फसवतो. एचबीएसएजी हे विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रतिजन आहे. ते आढळणे म्हणजे सहसा विषाणू आज हजर असणे. अँटी-एचबीएस ही रक्षण करणारी प्रतिपिंडे आहेत; ती लसीनेही तयार होतात आणि आजारातून बरे झाल्यावरही. अँटी-एचबीसी ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे आहेत. लसीत गाभ्याचा भाग नसल्यामुळे ती लसीने तयार होत नाहीत, विषाणूशी प्रत्यक्ष गाठ पडली तरच होतात.

हे तीन धागे हाती असले की बहुतेक अहवाल उलगडतात. केवळ अँटी-एचबीएस असेल, तर माणसाने लस घेतलेली आहे; प्रति मिलिलिटर १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक पातळी रक्षणाला पुरेशी मानतात. अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही असून एचबीएसएजी नसेल, तर संसर्ग कधीतरी होऊन गेला आणि शरीराने तो आवरला. पुष्कळांना हा संसर्ग लहानपणी किंवा नकळत झालेला असतो. अशी व्यक्ती आजारी नसते. पण विषाणूचा अंश यकृताच्या पेशींत सुप्त राहत असल्याने, पुढे कधी केमोथेरपी किंवा रिटक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यायची वेळ आली, तर हा जुना अहवाल त्या डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक आहे, कारण तेव्हा विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो. रक्तपेढीच्या कागदाचा इतका दूरगामी उपयोग दुसऱ्या क्वचितच एखाद्या निकालाचा होत असेल, आणि तरीही हाच कागद सर्वांत आधी हरवतो.

एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही आढळले, तर संसर्ग चालू आहे. अँटी-एचबीसीचा आयजीएम प्रकारही असेल, तर तो बहुधा नुकताच झालेला असतो. एचबीएसएजी सहा महिन्यांहून अधिक टिकले, तर त्याला जुनाट संसर्ग म्हणतात. प्रौढ वयात संसर्ग झालेल्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी लोकांत तो जुनाट होतो, तर अगदी तान्हेपणी झाल्यास बहुसंख्यांत तो टिकतो. अशा निकालानंतर यकृताच्या तपासण्या आणि एचबीव्ही डीएनए ही या विषाणूचा जनुकीय मजकूर मोजणारी चाचणी करावी, आणि घरातल्या सर्वांची व जोडीदाराची तपासणी करून ज्यांना गरज असेल त्यांना लस द्यावी.

उरतात दोन विचित्र निकाल. एकटे एचबीएसएजी आढळले, तर संसर्ग अगदी ताजा असेल, निकाल खोटा असेल, किंवा दात्याने रक्तदानापूर्वी नुकतीच हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असेल. लसीत हेच प्रतिजन असल्याने ते १८ दिवसांपर्यंत रक्तात सापडल्याची नोंद आहे. एकटे अँटी-एचबीसी आढळले, तर निकाल खोटा असेल, जुन्या संसर्गानंतरची रक्षक प्रतिपिंडे काळाच्या ओघात क्षीण झाली असतील, ताज्या संसर्गातून बरे होण्याचा मधला टप्पा असेल, किंवा क्वचित प्रसंगी विषाणू अत्यल्प प्रमाणात लपलेला असेल. याचा उलगडा एचबीव्ही डीएनए आणि अँटी-एचबीएस यांनी होतो, आणि तो होईपर्यंत ‘कावीळ निघाली’ असे घरी सांगत सुटू नये.

सिफिलिस

सिफिलिसच्या चाचण्या दोन कुळांतल्या. टीपीएचएसारख्या चाचण्या त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात, आणि पूर्ण उपचार झाल्यावरही त्या बहुतेकांत जन्मभर रिॲक्टिव्ह राहतात. व्हीडीआरएल आणि आरपीआर या चाचण्या ऊतींच्या हानीतून निर्माण होणारी प्रतिपिंडे मोजतात, त्यांचा निकाल १:८, १:१६ अशा पातळीत मिळतो आणि उपचारांनंतर तो उतरत जातो. पहिली रिॲक्टिव्ह व दुसरी नाही, तर बहुधा जुना, उपचार झालेला आजार असतो किंवा निकाल खोटा असतो. पण फार ताजा किंवा उपचाराविना राहिलेला खूप जुना संसर्गही असा दिसू शकतो. दुसरी कमी पातळीवर रिॲक्टिव्ह व पहिली नाही, तर ल्युपस, गर्भावस्था किंवा एखादा अलीकडचा ताप यांमुळे आलेला खोटा निकाल असू शकतो. दोन्ही रिॲक्टिव्ह असतील आणि पूर्वी उपचार झालेले नसतील, तर जोडीदारासह उपचार घ्यावेत. आजार लवकरच्या टप्प्यात असेल तर पेनिसिलिनचे एक इंजेक्शनही पुरते.

‘नॉन-रिॲक्टिव्ह’ निकालाची मर्यादा

सर्व रकान्यांत ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असेल, तर काही करायचे नसते, फक्त एक गोष्ट समजून घ्यायची असते. संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो, त्याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. एचआयव्हीमध्ये तो नॅट चाचणीसाठी १० ते ३३ दिवस, शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेल्या प्रतिजन-प्रतिपिंड संयुक्त चाचणीसाठी १८ ते ४५ दिवस आणि केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीसाठी २३ ते ९० दिवस धरतात. हिपॅटायटिस सीचा आरएनए एक-दोन आठवड्यांत सापडतो, पण प्रतिपिंडे सहसा ८ ते ११ आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे धोक्याच्या प्रसंगानंतर, मोफत तपासणी होईल या हिशेबाने रक्तदान करणे हे स्वतःसाठी निरुपयोगी आणि रक्त घेणाऱ्यासाठी घातक आहे. तशी शंका असेल, तर थेट चाचणी केंद्र गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे प्रसंगापासून ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि रक्तपेढीचा अहवाल तोवर हातीही आलेला नसतो.

कोविडची आणि सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरसची) प्रतिपिंडे

कोविडच्या साथीत काही रक्तसेवांनी दात्यांना प्रतिपिंडांचे निकाल कळवले आणि तेव्हापासून तसे अहवाल अनेकांच्या संग्रही आहेत. त्यांत ‘एस’ म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यासारख्या प्रथिनाविरुद्धची आणि ‘एन’ म्हणजे आतल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात. केवळ काट्यावर आधारलेल्या लसींनी ‘एस’ तेवढी वाढतात, त्यामुळे ‘एन’ सापडणे हे संसर्ग होऊन गेल्याचे लक्षण ठरते. पूर्ण निष्क्रिय विषाणूची लस घेतलेल्यांना हा निकष लावता येत नाही. ‘एन’ प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरू शकतात, म्हणून ती नसणे हा संसर्ग झालाच नव्हता याचा पुरावा नव्हे. आणि ‘एस’चा आकडा कितीही मोठा असला, तरी त्यावरून आपण सुरक्षित आहोत असे ठरवू नये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच तशी स्पष्ट सूचना दिली होती.

सीएमव्ही प्रतिपिंडे रिॲक्टिव्ह असल्याचे कळले, तर काहीही करण्याची गरज नाही. हा संसर्ग प्रौढांत अतिशय सामान्य आहे. अकाली जन्मलेल्या बाळांसारख्या नाजूक रुग्णांसाठी रक्त निवडताना ही नोंद वापरतात, इतकेच.

पडताळणीला जाताना

रक्तपेढीचा फोन आला तर निकाल फोनवरच सांगा असा आग्रह धरू नये. प्रत्यक्ष जाऊन लेखी प्रत मागावी आणि तीत चाचणीचे नाव, पद्धत, आकडा, संदर्भमर्यादा, नॅटचा निकाल आणि नमुन्याची तारीख आहे याची खात्री करावी. डॉक्टरांकडे जाताना गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या लसी, इंजेक्शने आणि औषधे, झालेले ताप, पूर्वी मिळालेले रक्त आणि पूर्वीची काविळीची दुखणी यांची टिपणे न्यावीत. केसांसाठी व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही सांगाव्यात, कारण त्या काही चाचण्यांचे आकडे बिघडवतात. अंतिम निकाल येईपर्यंत रक्तदान करू नये, जोडीदाराशी संबंध ठेवताना निरोध वापरावा, दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवावा. एकत्र जेवणे, बसणे-उठणे, मुलांना जवळ घेणे यांपैकी काहीही थांबवण्याचे कारण नाही.

निकाल खोटा ठरला, तरी पुढचे रक्त घेतले जाईलच असे नाही. तोच संच त्याच माणसाला पुन्हा रिॲक्टिव्ह दाखवण्याची शक्यता असल्याने अनेक रक्तपेढ्या अशा दात्याला थांबवतात, आणि काही ठिकाणी ठरावीक काळानंतर फेरतपासणी करून परत घेण्याची सोय असते. थांबवले गेल्याचे वाईट वाटते, पण तो निरोगीपणावरचा शेरा नसतो.

रक्तगटाच्या रकान्यातली प्रतिपिंडे

काही दात्यांच्या अहवालात ‘अँटीबॉडी स्क्रीन पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून पोटात गोळा येतो. याचा संसर्गाशी काहीही संबंध नाही. पूर्वी रक्त चढवल्यामुळे किंवा गर्भावस्थेत बाळाच्या रक्ताशी संपर्क आल्यामुळे, दुसऱ्यांच्या लाल पेशींवरच्या एखाद्या घटकाविरुद्ध, उदाहरणार्थ डी किंवा केल याविरुद्ध, ही प्रतिपिंडे तयार झालेली असतात. दात्याला त्यांचा त्रास नसतो, मात्र त्याचा प्लाझ्मा बहुधा वापरत नाहीत. गर्भवतीला किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीला ही नोंद आपल्या डॉक्टरांना सांगणे भागच आहे, कारण काही प्रतिपिंडे वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या लाल पेशी फोडू शकतात. इतरांनी प्रतिपिंडाचे नेमके नाव लिहून घेऊन ते ओळखपत्राबरोबर ठेवावे. काही वर्षांनी त्यांची पातळी इतकी खाली जाते की नवी चाचणी निगेटिव्ह येते, परंतु तो घटक असलेले रक्त पुन्हा चढवले गेल्यास काही दिवसांतच ती जोराने वाढून चढवलेल्या पेशी नष्ट करतात. म्हणून नंतरचे अहवाल निगेटिव्ह आले तरीही शस्त्रक्रियेपूर्वी किंवा रक्त घेण्यापूर्वी हा जुना पॉझिटिव्ह अहवाल दाखवावा.